पुलाची कमान आणि लाकडाचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या देखण्या पुलांवर आलेला सचित्र लेख वाचला. त्यात स्वित्झर्लंडमधल्या साल्गिनाटोबेल पुलाला अर्धे पान मिळाले, ही आनंदाची गोष्ट. एरवी आपल्याकडे पुलाची बातमी येते ती फीत कापताना, नाहीतर पूल पडल्यावर. मात्र छायाचित्राखाली हा पूल म्हणजे ‘काँक्रीटमधले शिल्प’ असून त्याची कमान ‘एकसंध ओतलेली’ आहे, असे छापले आहे. कमान एकसंध नाही. तिच्या दोन फाका आहेत आणि त्या तीन बिजागऱ्यांवर टेकल्या आहेत. शिल्प म्हणायला आमची हरकत नाही. पण त्यातून असा समज होतो की, कुणी आधी सुंदर रेघ मारली आणि मग इंजिनिअरांनी ती कशीबशी उभी केली. घडले ते उलट. आधीच्या एका पुलाला गेलेले तडे, थंडीने आखडणारे काँक्रीट आणि घळीत उभ्या करायच्या लाकडाचा खर्च, या तिन्हींचा हिशेब बसवता बसवता ती रेघ तयार झाली. लेखात यातले काहीच नव्हते, म्हणून हे लांबलेले पत्र.

पूल ग्राउब्युंडेन प्रांतात, प्रेटिगाउ खोऱ्यात आहे. खाली शियर्स गाव, वर डोंगरात शुडर्स ही छोटी वस्ती आणि मध्ये साल्गिना ओढ्याने कापलेली घळ. १९२८ मध्ये या रस्त्यासाठी पुलाचे आराखडे आणि दर एकत्रच मागवण्यात आले. एकोणीस प्रस्ताव आले. त्यांत सर्वांत स्वस्त ठरला तो कंत्राटदार फ्लोरिआन प्राडेर यांचा, आणि त्याचा आराखडा होता स्विस इंजिनिअर रॉबर्ट मायार यांचा. १९२९ च्या उन्हाळ्यात लाकडी परांची उभी राहिली, पुढच्या हंगामात काँक्रीट झाले आणि १८ ऑगस्ट १९३० रोजी पूल वाहतुकीला खुला झाला. गाळा, म्हणजे कमानीच्या दोन पायथ्यांमधले अंतर, ९० मीटर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत कमानीची उंची १३ मीटर, एकूण लांबी सुमारे १३२ मीटर, रस्ता जेमतेम साडेतीन मीटर. खाली ओढ्यापर्यंत जवळपास ९० मीटर पोकळी. एका डोंगरी वस्तीसाठी एकेरी रस्त्याचा हा पूल आहे, त्यामुळे पैशांची उधळपट्टी करायची सोयच नव्हती.

मायार यांचा जन्म १८७२ चा, बर्न शहरातला. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात ते विल्हेल्म रिटर यांचे विद्यार्थी. रिटर आकृत्या काढून बलांचा हिशेब करायला शिकवत आणि पुलाची खात्री प्रत्यक्ष भार चाचणीने करून घ्यावी, या मताचे होते. १९०१ मध्ये मायार यांनी इन नदीवर झुओझ येथे ३८ मीटर गाळ्याचा पूल बांधला. काँक्रीटची पोकळ पेटी असलेली ही पहिली कमान. त्याआधी काँक्रीटची कमान दगडी कमानीसारखीच बांधत. खाली भक्कम कमान, तिच्या दोन्ही कडांवर भिंती, आत भराव आणि वर रस्ता. भिंती आणि रस्ता हे कमानीवरचे नुसते ओझे. मायार यांनी खालचा कमानीचा स्लॅब, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि वरचा रस्त्याचा स्लॅब एकमेकांत सळयांनी गुंफून टाकले. त्यामुळे जे ओझे होते तेच भार उचलू लागले आणि कमान पातळ करता आली. नवी रचना पाहून स्थानिक मंडळी बिचकली, तेव्हा तपासणी रिटर यांच्याकडे गेली. त्यांनी हिशेब मान्य केला आणि पुलावर भार ठेवून चाचणीही झाली.

दोन वर्षांत, १९०३ मध्ये, झुओझच्या बाजूच्या भिंतींना पायथ्याजवळ तडे दिसले. पुलाला धोका नव्हता. खालचा स्लॅब नदीजवळच्या ओलाव्यात, वरचा रस्ता उन्हात कोरडा, दोघांचे आखडणे वेगवेगळे आणि त्या ओढाताणीत मधली भिंत फाटली. दुसऱ्या कुणी तिथे सळया वाढवल्या असत्या, नाहीतर भिंत जाड केली असती. मायार यांनी वेगळा प्रश्न विचारला: पायथ्याशी या भिंतीचे कामच काय? कमानीच्या टोकाला बिजागरी आहे, तिथे कमान वाकत नाही, मग तिथे खोल पेटी लागतेच कशाला? पुढच्या मोठ्या पुलात, १९०५ च्या तावानासाला, त्यांनी भिंतीचा तो भाग कापूनच टाकला. ५१ मीटर गाळ्याच्या त्या पुलाची कमान पायथ्याशी निमुळती, मध्ये फुगीर आणि माथ्याशी पुन्हा निमुळती झाली. साल्गिनाच्या छायाचित्रात डोळ्यांत भरते ती हीच रेघ. २५ सप्टेंबर १९२७ रोजी डोंगरावरून आलेल्या दरडीने तावानासाचा पूल वाहून नेला. पुलाचा त्यात काही दोष नव्हता. त्याच्या जागी नवा पूल बांधायचे काम मात्र मायार यांना मिळाले नाही. साल्गिनाची स्पर्धा लगेच पुढच्या वर्षीची.

आता बिजागऱ्या. काँक्रीटच्या पुलातली बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी लोखंडाचीच असते असे नाही. दोन जाड भागांच्या मध्ये काँक्रीट मुद्दाम अरुंद ठेवायचे, म्हणजे रेटा तिथून पार होतो, पण सांधा किंचित वळू शकतो. असे तीन सांधे, दोन पायथ्यांशी आणि एक माथ्याला. याने दोन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे सगळा हिशेब साध्या समतोलाच्या नियमांनी, कागद-पेन्सिलीवर उरकतो. दुसरी म्हणजे काँक्रीट आखडले किंवा पाया किंचित सरकला, तरी कमानीत ताण साचत नाही. माथा थोडा खाली येतो, एवढेच.

थोडा म्हणजे किती, हे इथल्याच मापांनी पाहता येते. काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर आकसते. कमानीच्या प्रत्येक फाकेची टोकापासून टोकापर्यंतची सरळ लांबी सुमारे ४७ मीटर. उन्हाळ्यापेक्षा तापमान २० अंशांनी उतरले तर ती सव्वानऊ-साडेनऊ मिलिमीटरने आखूड होते आणि माथा सुमारे ३४ मिलिमीटर खाली बसतो. म्हणजे लांबीतला फरक साडेतीन पटींहून अधिक होऊन माथ्यावर दिसतो. दोन्ही बाजूंचे पाये दहा-दहा मिलिमीटर मागे सरकले तरी परिणाम जवळपास तेवढाच, ३५ मिलिमीटर. बिजागऱ्या नसत्या तर एवढी हालचाल कमानीने आपल्या अंगात वाकून सोसली असती, आणि तडे तिथेच गेले असते.

कमान जितकी चपटी, तितका हा गुणाकार वाढतो. त्याच काळात फ्रान्समध्ये इंजिनिअर युजेन फ्रेसिने यांना याचा चांगलाच फटका बसला. आलिए नदीवरच्या व्हर्द्र येथील त्यांच्या पुलाचा मधला गाळा ७२ मीटरचा आणि कमानीची उंची गाळ्याच्या सुमारे पंधरावा हिस्सा. तिथे लांबीतली घट माथ्यावर सुमारे साडेसातपट होऊन दिसते. १९११ मध्ये तीन बिजागऱ्यांवर बांधलेल्या या पुलाचे माथे काही महिन्यांत सुमारे १३ सेंटिमीटर खाली आले. निव्वळ थंडीने एवढे होत नाही. सततच्या दाबाखाली काँक्रीट वर्षानुवर्षे आखूड होत राहते, हे तेव्हा नीटसे उमगले नव्हते. फ्रेसिने यांनी माथ्याशी जॅक लावून फाका पुन्हा वर रेटल्या आणि बिजागऱ्या काँक्रीटने कायमच्या बुजवल्या. या धड्यातूनच पुढे त्यांचे पूर्वताणित काँक्रीट आले, म्हणजे पोलादी तारा ताणून आधीच दाबात ठेवलेले काँक्रीट. १९२८ चे ते पेटंट. साल्गिनात गाळ्याच्या मानाने कमान बरीच उंच घेतली आहे, त्यामुळे ही आफत तिथे आली नाही. तीन बिजागऱ्या म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा, असे कुणी समजू नये म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

कमान गाळ्याच्या चौथाईवरच का फुगते, याचेही उत्तर गणितात आहे. पुलावर सर्वत्र मीटरला एक टन असा सारखा भार धरा. पायथ्याशी आडवा रेटा किती? भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. ८१०० ला १०४ ने भागले की ७८ टन येतात. हा रेटा दोन्हीकडच्या कातळाने पेलायचा. अशा भाराखाली परवलयाच्या आकाराची कमान वाकतच नाही, तिच्यात नुसता दाब असतो. आता तोच भार फक्त अर्ध्या पुलावर ठेवा. रेटा निम्मा होतो, ३९ टन, पण कमान वाकू लागते. भाराखालची फाक खाली दबते आणि समोरची वर उचलली जाते. बिजागऱ्यांपाशी बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, शून्य. दोन बिजागऱ्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे गाळ्याच्या चौथाईवर, तो सर्वांत जास्त: भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले ६४. मीटरला एक टनामागे हे सव्वाशे टन-मीटर झाले, आणि भार कोणत्या अर्ध्यावर आहे त्याप्रमाणे त्याची दिशा उलटते. म्हणून पेटी चौथाईला सर्वांत खोल आणि तिन्ही बिजागऱ्यांपाशी उथळ. वाऱ्याचा विचार वेगळा. घळीतला वारा पूल आडवा ढकलतो, म्हणून खालचा स्लॅब माथ्यापासून पायथ्याकडे रुंद होत गेला आहे. बाजूने काढलेल्या छायाचित्रात हे दिसत नाही, खालून पाहिले की लगेच ध्यानात येते.

लेखात ज्याचा उल्लेखही नव्हता तो माणूस म्हणजे रिखार्ड कोराय. त्रिन गावचा हा सुतारकामातला उस्ताद. जन्म १८६९ चा, म्हणजे साल्गिनाच्या वेळी साठीला आलेला. लांगवीसचा १०० मीटर गाळ्याचा रेल्वेपूल किंवा वीझेनचा दगडी पूल, अशा पुलांच्या परांच्या त्याच्याच हातच्या. काँक्रीटची कमान आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत तिचे सगळे वजन लाकडावर असते. मोठ्या कमानीत आधी एक लाकडी पूल बांधावा लागतो आणि तो नंतर मोडून टाकावा लागतो. खोल घळीत हा मोडायचा पूल खर्चाचा फार मोठा वाटा खातो.

मायार यांची खरी हुशारी आम्हाला इथे दिसते. कोरायची परांची संपूर्ण पुलासाठी नव्हतीच. ती फक्त खालच्या पातळ स्लॅबचे वजन पेलण्यापुरती होती. माथ्याजवळ हा स्लॅब २० सेंटिमीटर जाड. २० सेंटिमीटर काँक्रीटचे वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आत येते. एक मीटर जाडीची भरीव कमान ओतायची तर तेच २.४ टन. म्हणजे लाकूड पाचव्या हिश्श्याच्या भारासाठी उभारायचे. आधी स्लॅब ओतायचा आणि तो कडक होऊ द्यायचा. मग तो स्वतःच कमान म्हणून काम करू लागतो आणि नंतर ओतलेल्या भिंतींचे आणि रस्त्याचे वजन परांचीच्या जोडीने उचलतो. भिंती जोडल्या गेल्या की पेटी पूर्ण होते आणि तिची ताकद नुसत्या स्लॅबच्या कितीतरी पट होते. पूल स्वतःच्याच बांधकामाला हातभार लावतो. सर्वांत कमी दर आला तो या क्रमामुळे, मजुरी कापून नव्हे.

या क्रमात चुकायला जागा मात्र भरपूर असते, आणि त्या चुका आजही होतात. कमानीचे काँक्रीट दोन्ही पायथ्यांकडून समान वेगाने वर न्यावे लागते. एक बाजू पुढे गेली की परांची दुसरीकडे झुकते आणि कमानीची रेघच बिघडते. दोन्ही बाजू सारख्या भरत आणल्या तरी मधला माथा वर उचलला जातो, म्हणून माथ्यावर आधीच वजन ठेवतात किंवा काँक्रीट तुकड्यातुकड्यांनी, ठरलेल्या क्रमाने ओततात. लाकडाचे सांधे भाराखाली दाबले जातात आणि पावसात लाकूड फुगते. हे धरून परांची मुळातच थोडी उंच ठेवावी लागते. सर्वांत नाजूक काम सेंटरिंग, म्हणजे कमानीखालची ही परांची, सोडण्याचे. पाचरी माथ्यापासून सुरू करून दोन्ही पायथ्यांकडे, दर फेरीला थोड्या थोड्या सैल करत जायच्या. कुणी पायथ्यापासून सुरुवात केली तर माथा टेकलेलाच राहतो, कमानीला मध्येच एक आधार मिळतो आणि ज्या जागी फक्त दाब अपेक्षित होता तिथे ताण येतो. पातळ कमानीला तेवढे तडा द्यायला पुरते. उतावीळ मुकादम आणि दुसऱ्या कामावर लाकूड हवे असलेला कंत्राटदार ही जोडी या टप्प्यावर घातक.

खोल दरीत परांचीच नको, असे उत्तर आपल्या कोकणातही सापडले आहे. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीचा पूल ४२४ मीटर लांब आणि सुमारे ६४ मीटर उंच. तिथे पुलाची काँक्रीटची पेटी एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतली आणि प्रत्येक तुकडा जोडला की सगळी पेटी जॅकने पुढे ढकलत खांबांवरून पलीकडे नेली. प्रश्न कोरायचाच होता, वजन तात्पुरते धरायचे कशाने? फक्त उत्तरासाठी तोवर जॅक आणि पूर्वताण हाताशी आले होते. आपल्या पुरवणीतल्या पुढच्या लेखात या पुलाला जागा मिळाली तर बरे होईल.

साल्गिनाच्या उण्या बाजूचाही उल्लेख लेखात नव्हता. बलांच्या बाबतीत हा पूल कधी कमी पडला नाही. त्याला गाठले ते पाण्याने. रस्त्याच्या स्लॅबवर जलरोधक थर नव्हता, पाणी बाहेर काढायची व्यवस्था तोकडी होती, आणि काँक्रीटचे सळयांवरचे आवरण, साइटवर ज्याला कव्हर म्हणतात ते, पातळ होते. वरून झिरपलेले पाणी पेटीत उतरायचे, हिवाळ्यात गोठायचे, वितळायचे, पुन्हा गोठायचे. १९७५-७६ मध्ये जलरोधन आणि निचऱ्याचे काम करावे लागले. १९९७-९८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा कठडे नवे केले आणि पृष्ठभागावर फवाऱ्याने काँक्रीटचा नवा थर चढवला. तोपर्यंत अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने पुलाला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान देऊन झाला होता, १९९१ मध्ये. त्यामुळे दुरुस्ती करायची, पण ती नजरेत भरू द्यायची नाही, अशी कसरत करावी लागली.

पातळ कव्हरचे गणित फसवे असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये आत आत शिरतो आणि सळईला गंजापासून वाचवणारा क्षारपणा घालवतो. तो किती खोल गेला हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. दहा वर्षांत १० मिलिमीटर गेला तर चाळीस वर्षांत २०. त्यामुळे कव्हर निम्मे केले की आयुष्य निम्मे होत नाही, चौथाई होते. मायार यांच्या काळात हे कुणी मोजत नव्हते. आज आपल्या काँक्रीट पुलांसाठीच्या आयआरसी ११२ (इंडियन रोड्स काँग्रेस) संहितेत मध्यम हवामानाला किमान ४० मिलिमीटर आणि अतिखडतर जागी ७५ मिलिमीटरपर्यंत कव्हर सांगितले आहे. कागदावर ते असतेही. ओतकामाच्या वेळी सळईखालचा ठोकळा निसटला, त्यावर कुणी पाय देऊन चालले की ४० चे १५ होते, आणि शटरिंग, म्हणजे ओतकामाचा साचा, काढल्यावर ते कुणाला दिसत नाही. कव्हर मोजायचे हातात धरण्याजोगे उपकरण मिळते. शटरिंग उतरल्यावर लगेच फिरवले तर दुरुस्ती स्वस्तात होते, वीस वर्षांनी गंजाचे डाग दिसल्यावर नाही.

निचऱ्याचे दुखणे तर आपल्या घरचे आहे. पावसाळ्यात कोणत्याही जुन्या पुलावर कठड्याच्या कडेने पाहावे. पाणी जायची भोके माती आणि गवताने बुजलेली, आणि उरलेली डांबराखाली गाडलेली. नवा थर घालताना जुना खरवडून काढायचे कष्ट घेतले नाहीत की दोन गोष्टी होतात. पाणी अडते, आणि पुलावरचा कायमचा भार वाढतो. ५० मिलिमीटर डांबराचे वजन चौरस मीटरला साधारण ११५ किलो. साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्यावर एका थराला मीटरमागे साडेआठशे किलोंच्या वर. असे तीन थर चढले की पुलावर मीटरला अडीच टनांचे ओझे कायमचे बसते, आणि ते कोणत्याही आराखड्यात नसते. वर पायथ्याच्या रेट्याचे जे सूत्र दिले त्यात हा आकडा घालून पाहावा.

पूर्वताणित पुलांत पाण्याचा धोका आणखी लपून येतो. साधी सळई गंजली की फुगते, वरचे काँक्रीट उचलते, तांबूस ओघळ दिसतात. पूल आधी ओरडतो. नळीत ताणून बसवलेली तार गंजते ती आतल्या आत. नळीत भरायचा सिमेंटचा रस नीट पोचला नसेल तर तिथे हवा आणि पाणी राहते आणि तार एक दिवस तुटते. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकेही झाली नव्हती, आणि तारा गंजल्याचेच कारण पुढे आले होते.

निविदेबद्दल एक मुद्दा. साल्गिनाचा पूल सर्वांत स्वस्त होता, हे वाचून कुणी ‘सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत चांगला पूल’ असा अर्थ काढू नये. तिथे आराखडा आणि दर जोडीने आले होते. आराखडा करणारा, कंत्राटदार आणि परांची बांधणारा एकाच बाजूला बसून विचार करत होते, म्हणून ‘सेंटरिंग फक्त स्लॅबपुरती’ ही युक्ती कागदावरून प्रत्यक्षात उतरली. आपल्याकडेही कंत्राटदाराने स्वतःचा आराखडा आणायच्या एकरकमी निविदा निघतात. पण आलेला आराखडा तपासणारा रिटर यांच्या तोडीचा लागतो, आणि तपासायला वेळ द्यावा लागतो. झुओझला भार चाचणी झाली, दोन वर्षांनी तडे पाहायला आराखडा करणारा पुन्हा गेला, म्हणून तावानासा आणि साल्गिना सुचले. पूल ताब्यात दिल्यावर आराखडा करणाऱ्याने तो पुन्हा पाहावा, अशी अट आम्हाला क्वचितच आढळते. खर्चाच्या मानाने ती काहीच नाही.

सौंदर्याबद्दल बोलायचे तर खुद्द मायार साल्गिनावर पूर्ण खूश नव्हते. माथ्याशी कमानीची खालची कड गोलाईने सलग वळवली आहे. ती दगडी कमानीची जुनी सवय, असे त्यांचे म्हणणे. माथ्याला बिजागरी आहे, म्हणजे दोन फाका तिथे टेकतात, मग रेघही तिथे तुटायला हवी. तीन वर्षांनी, १९३३ च्या फेल्सेगच्या पुलात त्यांनी ती तोडली. तिथे कमान माथ्याला टोकदार आहे. आम्हाला विचाराल तर फेल्सेग जास्त प्रामाणिक आणि साल्गिना जास्त देखणा. पण साल्गिनाच्या मागे कडा आहे आणि खाली घळ, ही स्पर्धा काही बरोबरीची नाही.

दावोसला जाणारे मराठी पर्यटक आता कमी नाहीत. लांडक्वार्टहून दावोसकडे निघालेली रेटिश रेल्वे शियर्सला थांबते. तिथून शुडर्सचा वळणावळणाचा रस्ता या पुलावरूनच जातो. पुलावर उभे राहून काही दिसत नाही. दोन्हीकडे भरीव कठडे, मध्ये अरुंद रस्ता, गाडीतून तर पूल आला आणि गेला हेही कळत नाही. जवळच पायवाटेने खाली उतरून पाहायची जागा आहे, तिथूनच पाहावा. माथ्याचा सांधा शोधावा, पेटी चौथाईला किती खोल झाली आहे ते पाहावे आणि खालचा स्लॅब पायथ्याकडे रुंद होत जातो तिकडे लक्ष द्यावे. उतरण निसरडी असते, चपला घालून जाऊ नये.

कळावे,
पूल-बांधकामातले दोन वाचक, पुणे